एक ओघ, अनेक रकाने

(मंडळाच्या स्मरणिका समितीची या वर्षीची पहिली बैठक वेलचेरी येथे झाली. त्या वेळी केलेल्या भाषणाचा हा मजकूर सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



अध्यक्षांनी फोनवर मला सांगितले, "या वेळी अर्धा तास कॉलमवर बोला." मी घरी तसे म्हटले, तर आमची सौ. म्हणाली, "कोलमवर? तुम्हाला साधी ठिपक्यांची रांगोळी येत नाही, तुम्ही काय बोलणार?" इतकी वर्षे चेन्नईत काढल्याचा हा परिणाम! पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठाने काढतात ते कोलम, आणि छापील पानावर पाडतात ते कॉलम, म्हणजे आपले रकाने. माझा विषय दुसरा आहे. पण पहिल्याशी त्याचे नाते आहे, ते पुढे येईलच.

माझा व्यवसाय तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. परदेशी विद्यापीठांची आणि प्रकाशकांची कितीतरी पुस्तके नि नियतकालिके छपाईसाठी तयार होतात ती या चेन्नईत. लेखक युरोपात किंवा अमेरिकेत, वाचक जगभर, आणि पान जुळवणारा बसलेला असतो तरमणीत, गिंडीत किंवा जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर. मीही त्यातलाच एक. दिवसभर परक्यांची गणिते दोन रकान्यांत नीट बसवायची आणि घरी यायचे. आपल्या गणपतीची स्मरणिका मात्र कुठल्या तरी घाईत, कशीतरी उरकायची. असे अनेक वर्षे चालले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी आज उभा आहे.

आरंभ बाप्पापासूनच करू. महाभारत सांगणारे व्यास आणि लिहून घेणारे गणपती. गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनीही उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. या दोन अटी मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. मजकूर एका अखंड ओघात असावा, आणि जुळवणाऱ्याला तो कळलेला असावा. पानाच्या जुळणीतल्या बहुतेक चुका या दोनपैकी एक अट मोडल्यामुळे होतात. माझ्या हातून दोन्ही मोडल्या होत्या.

घडले ते असे. काही वर्षांपूर्वी देणगीदारांची यादी मी स्वतः टाइप केली. तीन रकाने होते : नाव, रक्कम आणि तपशील. तपशिलात "मुलाच्या पहिल्या पगारानिमित्त", "आईच्या पंच्याहत्तरीनिमित्त" असे काही. ज्यांनी काही सांगितले नाही त्यांच्यापुढे जागा कोरी. नावे एकाखाली एक लिहिली, रकमा दुसऱ्या चौकटीत एकाखाली एक, तपशील तिसऱ्या चौकटीत. तिन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या. पडद्यावर अगदी सुबक दिसले. छपाईच्या आदल्या रात्री साडेदहाला खजिनदारांचा फोन आला. एक नाव राहिले होते. ते मी यादीच्या मध्ये, आडनावाच्या क्रमाने, योग्य जागी घातले. त्याची रक्कमही रकमेच्या चौकटीत घातली. त्या माणसाचा तपशील काही नव्हता, म्हणून तिसऱ्या चौकटीला हातच लावला नाही.

आता पाहा काय झाले. त्या जागेपासून खाली नावे आणि रकमा एकेक ओळ सरकल्या. तपशील होता तिथेच राहिला. म्हणजे पुढच्या प्रत्येकाचा तपशील त्याच्या आधीच्या नावासमोर आला. "कै. यजमानांच्या स्मरणार्थ" हे शब्द अशा एका वहिनींच्या नावासमोर आले, की ज्यांचे यजमान त्याच क्षणी मंडपात प्रसादाच्या पुड्या बांधत होते!

हसू आले ना? तेव्हाही सगळे हसले. ते काका स्वतःच सर्वांत जास्त हसले. "मी वरून प्रसाद वाटायला आलोय," असे सांगत ते विसर्जनापर्यंत फिरत होते. उत्सव संपला आणि आम्ही सर्वांनी ती गोष्ट एक विनोद म्हणून जमा केली.

पण यादीत त्यांच्या खालचे नाव ज्या वहिनींचे होते, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ते शब्द त्यांचे होते. यजमान गेल्यानंतरचा त्यांचा तो पहिला गणपती. त्यांनी पेन्शनीतून देणगी दिली ती एवढ्या एका ओळीसाठी. स्मरणिकेत त्यांच्या नावापुढे जागा कोरी होती. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी वर्गणीला गेलो तेव्हा त्यांनी पावती घेतली, चहा दिला आणि निघताना एवढेच म्हणाल्या, "तपशील काही लिहू नका हो. नावच पुरे."

मंडळी, त्या दिवशी मी विजयनगर बस स्थानकापर्यंत चालत आलो आणि दोन बसगाड्या तशाच सोडल्या. ज्या यादीत ही चूक झाली तशा याद्या मी परक्यांसाठी रोज बिनचूक जुळवतो. चूक यंत्राची नव्हती, छापखान्याची नव्हती. मी मजकूर अर्थावरून जुळवला नव्हता, दिसण्यावरून जुळवला होता. तपशील त्या वहिनींच्या नावाला बांधलेला नव्हता, तो फक्त त्याच्या शेजारी ठेवलेला होता.

म्हणून आजच्या भाषणातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पानावर रकाने दिसायला सारखेच दिसतात, पण त्यांच्या जाती तीन आहेत.

पहिली जात वाहत्या रकान्याची. लेख, वृत्तान्त, नुसत्या नावांची यादी. मजकूर एकच, तो पहिल्या रकान्यात खालपर्यंत जातो आणि दुसऱ्याच्या माथ्यावर पुन्हा सुरू होतो. वर्तमानपत्रात हेच असते.

दुसरी जात कोष्टकाच्या रकान्याची. आपले पंचांग आठवा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे एका दिवसाच्या ओळीत बांधलेली असतात. तिथे आडवे वाचायचे असते. एक दिवस मध्ये घातला तर त्याची पाचही अंगे एकदम सरकली पाहिजेत. तिथी सरकली आणि नक्षत्र जागेवर राहिले तर मुहूर्ताचे काय होईल? माझी देणगीदारांची यादी या जातीची होती. मी ती पहिल्या जातीसारखी, उभी जुळवली.

तिसरी जात जोडीच्या रकान्याची. याचे मोठे उदाहरण मराठी पत्रकारितेच्या जन्मातच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत "दर्पण" सुरू केले. त्याच्या पानावर एका रकान्यात मराठी आणि दुसऱ्या रकान्यात इंग्रजी मजकूर असे. राज्यकर्त्यांना लोकांचे म्हणणे कळावे आणि आपल्या लोकांना बाहेरची विद्या कळावी, हा हेतू त्या दोन रकान्यांतच दिसतो. हे दोन रकाने एकमेकांत वाहत नाहीत, आणि कोष्टकासारखे ओळीओळीला बांधलेलेही नसतात. दोन मित्र बरोबर चालावेत तसे ते चालतात. एक पुढे गेला तर दुसऱ्यासाठी परिच्छेदापाशी थांबतो.

या तिसऱ्या जातीची गरज आज आपल्याला जास्त आहे. आपली मुले इथे जन्मली. शाळेत कोणी तमिळ घेते, कोणी हिंदी, कोणी फ्रेंच. घरी मराठी बोलतात, पण देवनागरीत छापलेली आरती हातात दिली तर ओठ हलवतात नि टाळ्या वाजवतात. तेव्हा आरतीच्या पानावर डावीकडे देवनागरी आणि उजवीकडे रोमन लिपी, कडव्यासमोर कडवे, असे करता येईल. तमिळ लिपीत करून पाहिले होते, पण तिथे क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. बाप्पाचे नाव वाचताना ज्याला तमिळ येते तो बरोबर म्हणतो, बाकीचे गोंधळतात. म्हणून तूर्त रोमन.

देवनागरी छपाईचा आणि या तमिळ भूमीचा संबंध मात्र फार जुना आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना उभा केला. इसापच्या गोष्टींचे मराठी रूप "बालबोध मुक्तावली" या नावाने तिथे छापले गेले. म्हणजे "दर्पण" निघण्याच्या पंचवीसएक वर्षे आधी, वेलचेरीपासून एका रात्रीच्या प्रवासावर, मराठी अक्षरे जुळवली जात होती. आपण इथे उपरे नाही. निदान या धंद्यात तरी नाही.

आता साधनाकडे वळतो. मी जे साधन वापरतो त्याचे नाव टेक. त्याच्यावर उभारलेले, वापरायला सोपे रूप म्हणजे लाटेक. त्याची जन्मकथाही एका दुखावलेल्या माणसाची आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांच्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्त्या शिशाच्या खिळ्यांनी सुरेख छापल्या गेल्या होत्या. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे हातात आली ती नव्या फोटोटाइपसेटिंगची. ती पाहून त्यांना वाईट वाटले. लोक अशा वेळी प्रकाशकाला पत्र लिहितात. यांनी पान जुळवणारी प्रणालीच लिहायला घेतली. थोड्या महिन्यांचे काम म्हणून सुरू केलेले हे प्रकरण सुमारे दहा वर्षे चालले. आणि ती प्रणाली त्यांनी जगाला फुकट दिली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेक बांधले. आपल्या दक्षिणेतही या विद्येचा मोठा परिवार आहे. २००२ साली टेक वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद तिरुवनंतपुरमला भरली होती.

टेकची रीत व्यासांच्या अटीसारखी आहे. तिथे "हे ठळक कर, ते तीन इंच सरकव" असे सांगत बसायचे नसते. "हा मथळा आहे", "हे देणगीदाराचे नाव आहे", "हा त्याचा तपशील आहे" असे सांगायचे. वस्तू काय आहे ते आपण सांगायचे, कशी दिसावी ते एकदाच एका जागी ठरवायचे. आपल्या डीटीपीच्या दुकानातला मुलगा फार मेहनती आहे. पण त्याला मराठी येत नाही. पहिल्या दिवशी त्याने मला विचारले होते, "सार, इदु हिंदीया?" त्याच्याकडून अर्थ कळण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अर्थ आपण मजकुरातच बांधून दिला, तर कोणीही जुळवला तरी नाव आणि तपशील यांची ताटातूट होणार नाही.

लाटेकमध्ये रकाने पाडायचे दोन मार्ग. एक म्हणजे सगळ्या दस्तऐवजालाच "दोन रकानी" म्हणून सांगणे. यात एक अडचण येते. शेवटच्या पानावर पहिला रकाना पूर्ण भरतो आणि दुसऱ्यात चारच ओळी उरतात. पान एका बाजूला कललेले दिसते. दुसरा मार्ग मल्टिकॉल नावाच्या जोडणीचा. ती फ्रँक मिटेलबाख यांनी केली, आणि टेक वापरणाऱ्यांच्या "टगबोट" या नियतकालिकात १९८९ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. मजकुराच्या आधी "इथून रकाने सुरू, संख्या तीन" असे लिहायचे, शेवटी "रकाने संपले" असे लिहायचे. एवढेच. एकाच पानावर आधी एक रुंद परिच्छेद, मग तीन रकाने, मग पुन्हा दोन रकाने असे करता येते. आणि शेवटी सगळे रकाने सारख्या उंचीचे होतात.

हे सारखे कसे होतात ते ऐका, कारण ते आपल्याला पंगतीवरून चटकन कळेल. समजा, एकतीस पाने वाढायची आहेत आणि ओळी तीन. वाढपी मनात म्हणतो, दहा-दहा बसवू. बसवून पाहतो, एक पाहुणा उभा राहतो. मग तो सगळ्यांना उठवतो, "अकराची ओळ धरा" म्हणतो आणि पुन्हा बसवतो. आता अकरा, अकरा आणि नऊ. सगळे बसले, शेवटची ओळ थोडी आखूड, पण कोणी उभा नाही. मल्टिकॉल नेमके हेच करते. सगळा मजकूर आधी एका लांब ओघात जमा करते, रकान्यांच्या संख्येने भागून उंचीचा अंदाज घेते आणि तोडून पाहते. उरलेच, तर उंची किंचित वाढवून पुन्हा पहिल्यापासून तोडते. शेवटचा रकाना बाकीच्यांपेक्षा लांब राहणार नाही एवढे पाहते आणि मगच पानावर ठेवते. आपण मात्र मधेच जाऊन एकेका पाहुण्याचा हात धरून बसवतो, म्हणजे स्पेसबार दाबून जागा सोडतो, एंटर मारून ओळी ढकलतो. नंतर एक पाहुणा जास्त आला की सगळी पंगत मोडते. तेव्हा समितीच्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे : मजकूर पाठवताना त्यात हाताने रकाने पाडू नका. एकाखाली एक, साधा लिहा. नाव, रक्कम, तपशील एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम. बाकीचे यंत्रावर सोडा.

तुम्ही विचाराल, वर्डमध्ये रकाने पडत नाहीत का? पडतात, आणि चांगले पडतात. भांडण साधनांचे नाही. वर्डमध्येही टॅब मारून यादी केली तर ती सरकणार, आणि कोष्टक घालून केली तर सरकणार नाही. लाटेकचा फायदा इतकाच की ते आपल्याला शिस्त लावते.

रकाने किती पाडावेत? आपली स्मरणिका ए-फोर आकाराची, म्हणजे पान २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडला तर १८० उरतात. एवढ्या रुंदीची ओळ वाचताना डोळा परत फिरतो तेव्हा पुढची ओळ चुकते. आपल्या ज्येष्ठांना विचारा, तीच ओळ दोनदा वाचली जाते. दोन रकाने आणि मध्ये ६ मिलिमीटर वाट ठेवली, तर प्रत्येक रकाना ८७ मिलिमीटरचा होतो. लेखांसाठी हे उत्तम. तीन रकाने केले तर प्रत्येकी ५६. हे नावांच्या यादीला ठीक, पण लेखाला अरुंद.

मधल्या वाटेबद्दल एक अनुभव सांगतो. लाटेकमध्ये ही वाट मुळात दहा पॉइंटांची, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटरची असते. रोमन लिपीला ती चालते. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. डावीकडच्या ओळीची शिरोरेषा आणि उजवीकडची, समोरासमोर आल्या की डोळा सरळ उडी मारून पलीकडे जातो. म्हणून वाट रुंद ठेवावी, किंवा मध्ये एक बारीक उभी रेघ घालावी. तशीच गोष्ट दोन ओळींमधल्या अंतराची. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. अंतर कमी ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो.

आणि इथे कोलम आठवावे. आपल्या शेजारच्या मामी कोलम काढताना आधी काय करतात? ठिपके टाकतात. पुळ्ळी म्हणतात त्यांना. ठिपके सम अंतरावर पडले की रेषा कुठूनही कुठे गेली तरी नक्षी बिघडत नाही. पानावरही तसेच ठिपके मनात धरावे लागतात. डाव्या रकान्याची दहावी ओळ आणि उजव्याची दहावी ओळ एकाच पातळीवर हवी. मध्ये कोणी मथळ्याखाली मनाला येईल तेवढी जागा सोडली की एका रकान्याचे ठिपके हलतात. तेव्हा मथळ्याने व्यापलेली जागा ओळींच्या पूर्ण पटीत असावी, दोन ओळी किंवा तीन. आमच्या सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मी म्हणत होते ते काय चुकीचं होतं?"

अरुंद रकान्यात मराठीची आणखी एक अडचण येते. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. "कार्यकर्त्यांच्या", "सभासदांपैकी" असे दोन शब्द एका ओळीत आले की पुढचा मावत नाही, आणि दोन्ही कडा सरळ ठेवण्यासाठी मध्ये मोठमोठी भोके पडतात. टेक इथे एक हुशारी करते. ती एकेक ओळ भरत जात नाही. सगळा परिच्छेद पाहून, कुठे कुठे तोडला तर एकंदर भोके सर्वांत कमी पडतील याचा हिशेब करते. क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. शिवाय मराठी शब्द कुठे तोडावा याचे नियमही आता उपलब्ध आहेत, म्हणजे जोडाक्षर मधोमध फुटत नाही आणि वेलांटी अक्षराला सोडून जात नाही. तरीही तीन रकान्यांत भोके पडलीच, तर उजवी कडा मोकळी सोडावी. त्यात काही कमीपणा नाही.

देवनागरी टेकमध्ये आणण्याचे काम १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी केले. तेव्हा रोमन अक्षरांत लिहून त्याचे नागरी करावे लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांचे झीटेक आले आणि युनिकोडमधली मराठी थेट लिहिता येऊ लागली. फाँटही आता पुष्कळ आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, मुंबई आयआयटीतून आलेला शोभिका आहे. फक्त मराठी वळणाचा "ल" आणि "श" निवडायला विसरू नका. आणि अर्ध्या "र"ची चंद्रकोर तपासा. आपल्या एका अंकात स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानायचे होते. छापले गेले "आचार्यांचे आभार". पूजेचे गुरुजी प्रसन्न झाले, आणि मोदक करणारे मात्र रुसले.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. मल्टिकॉलमध्ये तरंगते चित्र एका रकान्यापुरते ठेवता येत नाही. ते एक तर मजकुरात जागच्या जागी बसवावे, किंवा सगळ्या रकान्यांवर आडवे, पानाच्या माथ्यावर द्यावे. आपल्या समूहचित्रात पन्नास चेहरे असतात, तेव्हा आडवेच बरे. नाही तर प्रत्येक जण भिंग घेऊन स्वतःला शोधतो.

आता खजिनदारांसाठी एक गोष्ट. मल्टिकॉल आपल्यासारख्यांना मोफत आहे. पण ते वापरून विक्रीचे उत्पादन करणाऱ्यांसाठी मिटेलबाख यांनी एक नैतिक बंधन लिहून ठेवले : मोबदला द्यावा, आणि तो किती हे देणाऱ्यानेच, आपल्याला त्याचे मोल किती वाटते ते पाहून ठरवावे. हे वाचले तेव्हा मला आपले वर्गणीचे पुस्तक आठवले. आपणही दारात उभे राहून "यथाशक्ती" म्हणतो. जर्मनीतल्या माणसालाही तोच शब्द सुचला म्हणायचे!

शेवटची गोष्ट. २०१५ च्या डिसेंबरात वेलचेरीत पाणी शिरले ते आपण कोणी विसरलेलो नाही. तळमजल्यावरच्या ट्रंकेत ठेवलेले जुने अंक त्यात गेले. सीडीवर काही फायली होत्या. त्या उघडल्या, तर जुने फाँट नव्हते आणि पडद्यावर नुसती चिन्हे उमटली. नावे तिथे होती, पण वाचता येत नव्हती. या शहरात आपले गाव नाही, वाडा नाही, देवळाच्या पायरीवर कोरलेले नाव नाही. कोण आले, कोण राहिले, कोणाच्या आठवणीसाठी कोणी काय दिले, याची नोंद स्मरणिकेतच राहते. म्हणून मजकूर साध्या युनिकोड फायलीत ठेवू, चार घरी चार प्रती ठेवू. रकाने पुढच्या पिढीला हवे तसे पाडता येतील.

आणि यंत्र काय करू शकत नाही तेही सांगतो. पावतीवर काय लिहिले आहे हे त्याला कळत नाही. तेव्हा छपाईआधी दोघांनी बसायचे. एकाने पावतीपुस्तक मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचे. रात्री साडेदहाला नाव आले, तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

गेल्या वर्षीची यादी मी अशीच केली. त्या वहिनींकडे आधी प्रूफ घेऊन गेलो. त्यांना न विचारता ती ओळ घातली होती, म्हणून मनात धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावला, बोट आडवे फिरवत नावापासून तपशिलापर्यंत आणले, आणि तिथे थोडा वेळ ठेवले. मग म्हणाल्या, "यांच्या नावाआधी 'कै.' आहे ना, त्याच्यापुढे टिंब द्यायचं राहिलंय."

टिंब दिले आहे.

गणपती बाप्पा मोरया!